बहिऱ्या कानामागचा काटा ऐकू आला कसा?

प्रश्न : मी पन्नाशीची आहे, शाळेत गणित शिकवते. गेल्या वर्षभरात उजव्या कानाने ऐकू येणं कमी होत होत आता जवळपास बंद झालंय. फोन मी आपोआप डाव्या कानाला लावते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दोन पायांचा धातूचा काटा स्वतःच्या कोपरावर आपटला आणि माझ्या उजव्या कानामागच्या हाडावर टेकवला. मला स्पष्ट ऐकू आला! मग तोच काटा कानासमोर धरला, तर काही नाही. मला हायसं वाटलं. म्हटलं, आतली नस शाबूत आहे, दोष बाहेरच कुठेतरी असणार, मळाचा किंवा पडद्याचा. मग त्यांनी काटा कपाळावर टेकवून ‘कुठे वाजतोय?’ विचारलं. मी ‘डावीकडे’ म्हटलं आणि त्यांनी लगेच लिहून टाकलं, ‘उजव्या बाजूचा नसेचा बहिरेपणा’. पुढे ऑडिओमेट्री (हेडफोनमधून सूर ऐकवून ऐकण्याचा आलेख काढायची तपासणी) आणि एमआरआय. अहो, पण काटा तर मी उजवीकडे ऐकला होता! माझं गणित कुठे चुकलं?

उत्तर : ताई, गणित बरोबर आहे, गृहीतक तेवढं चुकलं. काटा उजव्या कानामागे टेकला होता, म्हणून तो उजव्या कानानेच ऐकला, असं तुम्ही धरून चाललात. हाडावरच्या काट्याच्या बाबतीत तसं धरता येत नाही.

आवाज आतल्या कानापर्यंत दोन वाटांनी पोचतो. रोजची वाट हवेची. कानाची नळी, पडदा, पडद्यामागची हातोडा-ऐरण-रिकीब ही इवलीशी हाडं आणि मग गोगलगायीच्या शंखासारखं वळलेलं कर्णावर्त. दुसरी वाट कवटीच्या हाडाची. ती पडदा आणि ती तीन हाडं बाजूला ठेवून थेट कर्णावर्ताला हलवते. तुमच्या डॉक्टरांनी आधी केली ती रिनी चाचणी. गॉटिंगेनच्या हाइनरिख अडोल्फ रिनी यांनी १८५५ मध्ये ती मांडली, आणि तिच्यात या दोन वाटांची तुलना एवढंच असतं. निरोगी कानात हवेची वाट सरस ठरते. काटा हाडावर ऐकू येईनासा झाला तरी कानासमोर धरल्यावर पुन्हा ऐकू येतो. नळीत मळाचा बोळा बसला असेल, पडद्याला भोक असेल, पडद्यामागे पाणी साचलं असेल किंवा रिकीब जागच्या जागी आवळली असेल, तर हवेची वाट अडते आणि काटा हाडावरच मोठा वाजतो. इथवर तुमचा तर्क अगदी पाठ्यपुस्तकातला.

पण कवटी एकच आहे ना! उजव्या कानामागे काटा टेकवा की डाव्या, त्याची थरथर दोन्ही कर्णावर्तांना जवळजवळ सारख्याच जोराने हलवते. हवेतून उजव्या कानाशी केलेला आवाज डोकं ओलांडून डाव्या कानापर्यंत जाताना साधारण ४० डेसिबल किंवा त्याहून जास्त गमावतो. हाडातून जाताना तो जवळपास काहीच गमावत नाही. दोन घरांच्या मधल्या भिंतीवर खिळा ठोकला की ठोकणारा कुठल्या घरात आहे हे आवाजावरून सांगता येत नाही, तसंच हे. तुमच्या उजव्या कानामागचा काटा ऐकला तो डाव्या कानाने. काटा टेकलेल्या जागी कातडीला थरथरही जाणवते, त्यामुळे आवाज तिथूनच आला असं वाटतं. मग काटा कानासमोर आला, हवेत आला, आणि डाव्या कानाची मदत संपली. म्हणून ‘काही नाही’.

आम्ही याला खोटी निगेटिव्ह रिनी म्हणतो. एक कान अगदीच गेलेला असला की ती हमखास येते. आणि शिकाऊ डॉक्टर तिथे हमखास फसतात, कारण उत्तर अगदी मळ किंवा पडद्याच्या दोषासारखं दिसतं. (या चाचणीत पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं आणि निगेटिव्ह म्हणजे वाईट. रक्ताच्या रिपोर्टची सवय असलेले पेशंट कागद वाचून नेमके उलटे घाबरतात.)

तुमच्या डॉक्टरांना वाचवलं ते कपाळाने. कपाळावरची ती वेबर चाचणी, एर्न्स्ट हाइनरिख वेबर यांच्या नावाची, १८३४ ची. काटा डोक्याच्या बरोबर मध्यावर, कपाळावर, टाळूवर किंवा वरच्या पुढच्या दातांवर टेकवायचा आणि विचारायचं, मध्ये वाजतोय की एका बाजूला? दोन्ही कान सारखे असतील तर मध्ये. एका कानाची हवेची वाट अडली असेल तर आवाज त्या अडलेल्या, म्हणजे वाईट कानाकडे सरकतो. आणि एका बाजूचं कर्णावर्त किंवा नस निकामी असेल तर तो चांगल्या कानाकडे सरकतो.

पहिली गोष्ट विचित्र वाटते, म्हणून आत्ता करूनच बघा. ओठ मिटून ‘म्‌म्‌म्’ असा एक सूर धरा आणि एका कानाच्या भोकात बोट घाला. सूर लगेच त्या बुजवलेल्या कानात जाऊन बसेल. बाहेरची कुजबुज त्या कानाला त्रास देत नाही, आणि हाडातून आलेला आवाज बाहेर निसटूही शकत नाही, म्हणून तो तिथे मोठा होतो.

आता तुमची दोन उत्तरं शेजारी ठेवा. रिनी म्हणते, उजव्या कानाची हवेची वाट अडली आहे. तसं असतं तर वेबर उजवीकडे जायला हवी होती, पण ती गेली डावीकडे. दोन्ही खरं असू शकत नाही. खोटं बोलली ती रिनी, कारण तिच्यात डावा कान गुपचूप उत्तर देत होता. तपासणीच्या खोलीत याची खात्री करायची साधी युक्ती म्हणजे चांगल्या कानाला आवाजाने गुंतवून ठेवायचं आणि मग वाईट कान तपासायचा. पूर्वी यासाठी किल्ली देऊन खरखर करणारी एक छोटी डबी वापरत. ती रॉबर्ट बाराणी यांची. तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानावरच्या कामासाठी १९१४ चं नोबेल मिळालं, तेच हे बाराणी. आता हेच काम ऑडिओमेट्रीच्या हेडफोनमधून येणारा ‘शूऽऽ’ असा आवाज करतो, त्याला मास्किंग म्हणतात. तुमची ऑडिओमेट्री व्हायची असेल तर एक गोष्ट मुद्दाम बघा. उजवा कान तपासताना डाव्या कानात तो ‘शूऽऽ’ सोडला का? सोडला नाही, तर तुमच्यासारख्या केसमध्ये तो आलेख डाव्या कानाचीच सावली दाखवेल. पंखा घरघरतोय, शेजारच्या खोलीत फोन वाजतोय, अशा जागी केलेली मास्किंगविना ऑडिओमेट्री माझ्यासमोर आली की मी ती सरळ बाजूला ठेवते आणि पुन्हा करायला सांगते. पेशंट रागावतात, रागावू देत.

आता काट्याला काय सांगता येत नाही, ते. ‘नसेचा बहिरेपणा’ हा शेरा काट्यावरून लिहिला असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की दोष मळ, पडदा आणि तीन हाडांच्या पलीकडे आहे. तो कर्णावर्तात आहे की खुद्द नसेत, हे काटा सांगत नाही. आणि बहुतेक वेळा तो कर्णावर्तातच असतो. तिथल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मोजक्याच, एका कानात सुमारे १५ हजार, आणि मेलेल्या परत उगवत नाहीत. वय, कानठळ्या बसवणारा आवाज, काही औषधं, आजार या सगळ्यांचा पहिला मार त्यांच्यावर. नस त्यांच्या मागे असते. तंतूंची ही जुडी मेंदूच्या नसांच्या बारा जोड्यांपैकी आठवी. तिचा एक भाग ऐकण्याचा, साधारण ३० हजार तंतूंचा, दुसरा तोल सांभाळण्याचा, आणि चेहऱ्याची नस त्याच हाडाच्या बोगद्यातून तिच्या अंगाला अंग लावून जाते.

म्हणूनच कानाची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला डॉक्टर दात दाखवायला लावतात, डोळे मिटून पाय जुळवून उभं करतात, नजर डावी-उजवीकडे फिरवायला सांगून बुबुळं थरथरतात का ते पाहतात, कापसाची बारीक वात डोळ्याच्या काळ्या भागाला टेकवून पापणी मिटते का पाहतात. पेशंटच्या चेहऱ्यावर ‘कान तिकडे राहिला’ असे भाव असतात. पण नसेवर गाठ वाढून ती शेजाऱ्यांना ढकलायला लागली असेल, तर त्या खुणा याच दोन-चार मिनिटांत सापडतात. बिनपैशाची आणि बिनसुईची तपासणी आहे, करून घ्यावी.

तुम्हाला एमआरआय का सांगितला, तेही यातच आलं. दोन्ही कान हळूहळू आणि सारखेच मंद होत असतील तर मी नसेच्या मागे धावत नाही. एकच कान मागे पडत असेल, कारण दिसत नसेल, तर नस पाहायलाच हवी. शोध असतो तो व्हेस्टिब्युलर श्वानोमा या गाठीचा. नाव दचकवणारं असलं तरी ही कॅन्सरची गाठ नाही. नसेच्या वेष्टणातून उगवते, बहुधा सावकाश वाढते, कधी वाढतही नाही, आणि लहान असेल तर कित्येकदा नुसती नजर ठेवतात. शिरेतल्या इंजेक्शनसह केलेला एमआरआय तिला काही मिलिमीटरची असतानाही पकडतो. आणि एका कानाने मंद झालेल्या बहुतेकांच्या एमआरआयमध्ये गाठ सापडत नाही, हेही ऐकून ठेवा. ती नाही, हे कळणंही कामाचं असतं.

प्रश्न : मला ऐकू येतं, कळत नाही. घरच्यांना हे पटत नाही. ‘तुम्हाला पाहिजे तेवढंच ऐकू येतं’ असं बायकोचं मत. डॉक्टरांनी मागे उभं राहून काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं आणि ‘थोडं कमी आहे’ म्हणाले. ही काय तपासणी झाली? — निवृत्त, वय ६८

उत्तर : झाली की! कुजबुज चाचणी ही नीट केली तर फार गुणी चाचणी आहे. नीट म्हणजे कशी, ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हीच परीक्षक व्हाल. डॉक्टरांनी तुमच्या मागे, हातभर अंतरावर उभं राहायचं, कारण समोर राहिलं की तुम्ही ओठ वाचणार. (आपण ओठ वाचतो हे बहुतेकांना माहीतच नसतं.) ज्या कानाची पाळी नाही त्याच्या भोकापुढचा मऊ उंचवटा बोटाने दाबून चोळत राहायचं, म्हणजे तो कान खसखशीत गुंतून राहतो. मग श्वास पूर्ण सोडायचा आणि उरलेल्या हवेत कुजबुजायचं. भरल्या छातीने कुजबुजलं की ते दर वेळी वेगळ्या जोराचं होतं. ‘चार, स, नऊ’ असे आकडे आणि अक्षरं मिसळून तीन-तीनचे दोन गट. सहापैकी निम्मी तरी सांगता आली की कान पास. आणि सोबत आलेल्या माणसाने गप्प बसायचं. माझ्या खोलीत निम्म्या वेळा उत्तर बायको देते, आणि नवरा मान डोलावतो.

तुमच्या तक्रारीकडे येऊ. वयानुसार कान जातो तो वरच्या, बारीक आवाजाच्या बाजूने. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, त्यांच्यात जोर असतो. स, श, फ, थ, ख यांची ओळख पटते ती वरच्या पट्टीतल्या हलक्या फुसफुशीवरून. त्यामुळे वाक्याचा आवाज पोचतो, अक्षरं गळतात. ‘साखर’ आणि ‘खापर’ सारखंच ऐकू येतं. शांत खोलीत मेंदू गाळलेल्या जागा भरतो, चारजण एकदम बोलायला लागले की त्याचा हात चालत नाही. बायको स्वयंपाकघरातून पाठ करून बोलते तेव्हाही नाही. म्हणजे तुमचंही खरं आणि त्यांचंही.

तरीही ऑडिओमेट्रीत एक भाग मागून घ्या, शब्दांचा. नुसत्या ‘पीं पीं’वर बटण दाबणं म्हणजे अर्धीच तपासणी. शब्दांच्या भागात ऐकू येईल अशा जोरात एकेक शब्द सोडतात आणि तुम्ही तो म्हणून दाखवायचा, शंभरात किती बरोबर ते मोजायचं. कर्णावर्ताच्या दोषात हे गुण आलेखाला साजेसे असतात. नस दोषी असेल तर ते आलेखाच्या मानाने फारच वाईट येतात. ‘पीं’ बऱ्यापैकी ऐकू येतेय आणि शब्द मात्र चक्काचूर. त्यातही आवाज वाढवल्यावर गुण सुधारायच्या ऐवजी घसरले, तर माझे कान टवकारतात. हा नसेच्या बाजूचा जुना, भरवशाचा इशारा आहे. कानात रबरी बोंड बसवून हवेचा दाब बदलणारी जी तपासणी करतात, त्याच यंत्रावर आणखी एक गोष्ट कळते. मोठा आवाज आला की रिकिबीला बांधलेला एक चिमुकला स्नायू आवळतो. आवाज दहा सेकंद चालू ठेवला तर निरोगी नसेत तो तसाच आवळलेला राहतो. दमलेल्या नसेत आवळ निम्म्याहून खाली घसरते. तुम्हाला काही बोलायचं नसतं, बटण दाबायचं नसतं, नुसतं गिळायचं नाही आणि हलायचं नाही.

दोन्ही कानांचे गुण सारखे आले तर श्रवणयंत्राचा विचार करा, आणि लवकर करा.

प्रश्न : परवा सकाळी उठलो तो डाव्या कानाला दडा बसलेला. सर्दी नाही. कानात ‘सूं’ आवाज. घरात पडलेले मळाचे थेंब घालतोय. अजून किती दिवस वाट पाहावी? — वय ४१

उत्तर : एकही नाही. तुम्हाला पत्र हातात पडलं त्याच दिवशी कळवलं, इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी.

तीन दिवसांच्या आत एक कान अचानक गेला तर दोन शक्यता. एक, मळ किंवा पडद्यामागचं पाणी, त्याला घाई नाही. दुसरी, कर्णावर्ताने किंवा नसेने दिलेला अचानक दगा, आणि त्याला घाईच आहे. वाटतात दोन्ही सारखीच, ‘दडा बसलाय’ अशीच. फरक कळायला तोच कपाळावरचा काटा लागतो, आणि काटा नसेल तर वर सांगितलेला मिटल्या ओठांचा सूर. सूर दडा बसलेल्या कानात मोठा वाजला तर बहुधा वाट अडली आहे. सूर चांगल्या कानाकडे पळाला तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा, सरळ सांगा ‘अचानक ऐकू येईनासं झालं’, आणि ऑडिओमेट्री होईपर्यंत उठू नका. सूर कुठे गेला ते नक्की कळत नसेल तरी हेच करा. सुराच्या भरवशावर घरी बसू नका, तो फक्त घाई वाढवायला वापरायचा.

ओळीने तीन स्वरपट्ट्यांत ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त उतार दिसला की आम्ही स्टेरॉइड द्यायचा विचार करतो, गोळ्यांतून किंवा पडद्यातून सुईने मध्यकर्णात. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलं तर फायद्याची आशा जास्त, आणि जितकं आधी तितकं बरं. काहींचा कान आपणहून परत येतो हे खरं. पण तुमचा त्यांतला आहे की नाही, हे थांबून पाहण्यात जे दिवस जातात ते परत मिळत नाहीत. डायबेटिस असेल तर स्टेरॉइडआधी तसं सांगा. आणि कान सुधारला तरी नंतरचा एमआरआय टाळू नका. क्वचित, पण त्या गाठीची पहिली खबर अशी अचानक येते.

थेंब बंद करा.

प्रश्न : आमची मुलगी दोन महिने अपुरी जन्मली, कावीळ जोरात झाली होती. दवाखान्यात कानात बोंड घालून केलेल्या पहिल्या तपासणीत ‘पास’ आलं. आम्ही निश्चिंत. आता बेरा केली तर ‘लहरी नाहीत’ म्हणतात. एक यंत्र म्हणतं कान चांगला, दुसरं म्हणतं बहिरा. कुणावर विश्वास ठेवायचा? — बाळाचे आई-बाबा

उत्तर : दोघांवर. दोघं वेगवेगळ्या जागा तपासतात.

पहिली ओएई. कर्णावर्तातल्या बाहेरच्या रांगेतल्या केसपेशी आवाज आला की स्वतः नाचतात आणि त्यांच्या नाचाचा बारीकसा प्रतिध्वनी कानाबाहेर येतो. डेव्हिड केंप यांनी तो १९७८ मध्ये दाखवून दिला. बोंडातला मायक्रोफोन तो पकडतो. प्रतिध्वनी आला म्हणजे त्या पेशी कामावर आहेत. पुढे नस निरोप घेऊन निघाली की नाही, याचं ओएईला काही सोयरसुतक नाही.

बेरा ते पाहते. बाळ गाढ झोपलेलं, कपाळावर आणि कानांमागे चिकटवलेले सेन्सर, कानात टकटक आवाज. प्रत्येक टकटकीला नस आणि मेंदूचं खोड विजेचा ठिपका टाकतात. तो इतका क्षीण असतो, की हजार-दोन हजार टकटकींची सरासरी काढल्यावर कुठे आलेख उमटतो. एका टकटकीनंतरच्या दहा मिलिसेकंदांत पाच लाटा दिसतात. पहिली नसेच्या कर्णावर्ताकडच्या टोकाची, तिसरी मेंदूच्या खोडात पोचल्याची, पाचवी आणखी वर चढल्याची. मोठ्या माणसात पहिली ते पाचवी हे अंतर साधारण चार मिलिसेकंदांचं. मोठ्यांच्या नसेवर गाठ दाबत असेल तर पाचवी लाट त्या बाजूला उशिरा येते, म्हणून तिथेही आम्ही बेरा करतो. मात्र सेंटिमीटरहून लहान गाठ तिच्या नजरेतून सुटू शकते, म्हणून तिथे शेवटचा शब्द एमआरआयचा.

तुमच्या बाळाचे दोन रिपोर्ट एकत्र ठेवले तर शंका येते ऑडिटरी न्यूरोपथीची. पेशी नाचतात, पण निरोप नसेतून एका ठेक्यात जात नाही, विस्कळित जातो. सरासरी काढताना विस्कळित ठिपके एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून लाट दिसत नाही. लाट नाही म्हणजे आवाज शून्य, असा अर्थ इथे लावायचा नसतो. अपुरे दिवस आणि जोराची कावीळ, ही दोन्ही या दोषाची ओळखीची कारणं.

आता काय कराल? आधी विचारा, बेरामध्ये टकटकीची दिशा उलटवून दोन वेळा आलेख काढला का. कर्णावर्ताची स्वतःची विजेची लहर दिशेबरोबर उलटते, नसेची उलटत नाही. त्यावरून निदान पक्कं होतं. दुसरं, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची नस पिकायला वेळ लागतो, म्हणून काही आठवड्यांनी बेरा पुन्हा होईलच. पण दोन बेरांच्या मधल्या काळात हातावर हात ठेवून बसू नका. पहिल्या महिन्यात चाळणीची तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू, हे वेळापत्रक जगभर मानतात. अपुऱ्या बाळासाठी तारखा थोड्या सरकतात, पण उगाच सरकवू नयेत. घरात तिच्या पाठीमागून, तिला दिसणार नाही असं, खुळखुळा वाजवा, हाक मारा, आणि ती कशाला दचकते, कशाला थांबते याची वही ठेवा. या दोषात आई-बाबांची वही आलेखाइतकीच कामाची असते, कारण ऐकणं रोज बदलतं. एके दिवशी हाकेला वळेल, दुसऱ्या दिवशी ढिम्म. श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कर्णावर्तात बसवतात ते यंत्र), खुणांची भाषा यांतलं काय, हे वाढत्या वयाबरोबर ठरत जाईल. ‘ओएई पास आहे, उगाच काळजी करता’ असं कुणी म्हणालं, तर मात्र दुसरा डॉक्टर बघा.

थोडक्यात

‘घरी मोबाइलच्या ॲपवर ऐकण्याची तपासणी केली, चालेल का?’ शांत खोलीत, हेडफोन लावून, दोन्ही कान सारखे आहेत का एवढंच बघायला चालेल. हाडाची वाट ॲपला तपासता येत नाही, त्यामुळे नस की मळ हे ते सांगू शकत नाही.

‘डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्यावर काटा टेकवला, कानाला का नाही?’ तो १२८ चा काटा असणार, पायातल्या नसांची थरथर ओळखायला. कानाला शक्यतो ५१२ चा, म्हणजे सेकंदाला ५१२ वेळा हलणारा. जाड, कमी आकड्याचा काटा कानामागे टेकवला की तो ऐकण्याआधी जाणवतो, आणि पेशंट जाणवलं त्यालाच ‘ऐकू आलं’ म्हणतो.

‘तपासणीला जाताना काय पाळावं?’ आदल्या दिवशी संध्याकाळपासून मोठ्या आवाजात राहू नका, थकलेला कान खोटा आलेख देतो. मळ असेल तर आधी डॉक्टरांकडून काढून घ्या, काडी घालू नका. घेत असलेल्या औषधांची यादी आणि जुने आलेख बरोबर न्या. बेरा असेल तर केस धुऊन, तेल न लावता जा, नाहीतर सेन्सर चिकटत नाहीत. बाळाला मात्र वाटेत झोपू देऊ नका, ती झोप तिथे लागते.